बारा वर्षांनी दुप्पट, पण तोवर खांद्यांचं काय?

पत्र असं आहे:

"मॅडम, माझं वय 34. नऊ वर्षांपूर्वी उंचावरून पडून मणक्याला इजा झाली, तेव्हापासून व्हीलचेअर वापरते. हात चांगले आहेत, नोकरी करते. दोन वर्षांपूर्वी खांदे फार दुखायला लागले म्हणून कामाचे रोजचे तीन तास कमी करून घेतले. पूर्वीचा पगार आताच्या दीडपट होता. बँकेत आताच्या दहा महिन्यांच्या पगाराएवढी शिल्लक आहे. एका ओळखीच्या एजंटने सांगितलं, की त्यातले आठ महिन्यांचे पैसे एकरकमी एका गॅरंटीड पॉलिसीत टाका, बारा वर्षांनी दुप्पट मिळतील. ते आले की बॅटरीवरची चांगली खुर्ची घेईन. सध्याची काकांची होती, ते गेल्यावर माझ्याकडे आली. जरा मोठी आहे, पण बाजूला उशी खोचली की भागतं. ढकलायला सोबत येणाऱ्या बाई आणि खुर्ची मावेल अशी मोठी गाडी यांवर पगाराचा पाचवा भाग जातो, बाकी खर्च आटोक्यात आहे. मागच्या वर्षी बेडसोर (एकाच जागी दाब पडून होणारी जखम) झाल्यामुळे सात आठवडे बिनपगारी रजा घ्यावी लागली, म्हणून आता पैसे सुरक्षित असावेत असं वाटतं. माझ्यावर कोणी अवलंबून नाही. पॉलिसी घेऊ का? कृपया रकमा छापू नका."

रकमा छापत नाही. सगळा हिशेब तुमच्या आताच्या पगाराच्या महिन्यांत करते.

पॉलिसीचं उत्तर आधी देऊन टाकते: घेऊ नका. पैसे दुप्पट व्हायच्या वर्षांनी 72 ला भागलं की वर्षाचा दर ढोबळमानाने कळतो. 72 ला 12 ने भागा, 6 येतात. बारा वर्षांत दुप्पट याचा अर्थ वर्षाला जेमतेम सहा टक्के. महागाई पाच-सहा टक्क्यांनी वाढत राहिली, तर बारा वर्षांनी हातात येणारे सोळा महिने आजच्या आठ-नऊ महिन्यांइतक्याच वस्तू विकत घेतील. खुर्चीची किंमतही तोवर जागेवर थांबलेली नसेल. मध्येच पैशांची गरज पडली, तर अशा पॉलिसीतून लवकर बाहेर पडताना भरलेलेही सहसा पूर्ण परत मिळत नाहीत. शिवाय आयुर्विमा मागे राहणाऱ्यांसाठी असतो. तुमच्यावर कोणी अवलंबून नाही, तर हा विमा कोणासाठी? मागच्याच वर्षी सात आठवडे बिनपगारी घरी असलेल्या माणसाला शिल्लकीचे दहापैकी आठ हिस्से बारा वर्षं कुलपात घालायला सांगणं हा सल्ला नव्हे. एजंट ओळखीचा आहे म्हणून नाही म्हणायला जड जाईल, हे मला कळतं. तरी नाही म्हणा.

आता तुम्ही न विचारलेल्या गोष्टीकडे येते. तुमचं पत्र मी तीनदा वाचलं, आणि तिन्ही वेळा नजर "बाजूला उशी खोचली की भागतं" या वाक्यावर अडली. भागत नाहीये. पत्रातल्याच आकड्यांवरून सांगते.

पूर्वीचा पगार दीडपट होता, म्हणजे दर महिन्याला अर्धा महिना बुडतोय. वर्षाला सहा महिने, दोन वर्षांत बारा. नऊ वर्षं काटकसर करून तुम्ही जमवलेत दहा. सोबतीच्या बाई आणि मोठी गाडी यांचे वर्षाला जवळजवळ अडीच महिने. बेडसोरचे सात आठवडे म्हणजे दीड महिन्याहून जास्त पगार, उपचारांचा खर्च वेगळा. ज्या वर्षी काहीही वाईट घडत नाही, त्या वर्षीसुद्धा जवळजवळ साडेआठ महिने जातात. पॉलिसी अख्ख्या बारा वर्षांत जे आठ महिने वाढवून देणार आहे, त्याहून जास्त तुमच्याकडून दर वर्षी निसटतंय. ही सगळी गळती खुर्चीमुळेच आहे असं मी म्हणणार नाही, तेवढी माझी पात्रताही नाही. पण बराचसा भाग तिच्यामुळे असावा, असं मला ठामपणे वाटतं. का, ते सांगते.

माझी धाकटी बहीण चौदा वर्षं खुर्ची वापरते. पहिली खुर्ची आम्ही घाईघाईत एका दुकानातून उचलली. दुकानदाराने तिची उंची विचारली नाही, मोजपट्टी काढली नाही. "स्टँडर्ड साइज आहे, जरा ऐसपैस असली की आराम पडतो," एवढंच म्हणाला. तीन वर्षं ती त्या ऐसपैसपणात एका बाजूला कलून बसली. आम्हाला वाटत होतं, मणक्याच्या इजेनंतर माणूस असाच बसतो. त्याचा राग मला अजून येतो. माप न घेता खुर्ची विकणारा आणि गरज न विचारता पॉलिसी विकणारा यांच्यात मी फरक करत नाही.

खुर्ची रुंद असली की चाकं अंगापासून लांब जातात. प्रत्येक वेळी दंड बाहेर फाकवून, खांदा उचलून ढकलावं लागतं. बसायची जागा सैल, म्हणून माणूस एका बाजूला कलतो आणि एकाच बाजूच्या बसायच्या हाडावर भार पडतो. बैठक मांडीच्या मानाने लांब असेल, तर गुडघ्यामागे टोचू नये म्हणून माणूस नकळत पुढे घसरतो. मग पाठीला पोक येतं, माकडहाडावर वजन येतं आणि त्वचा घासत राहते. तुमचा बेडसोर नेमका कुठे झाला होता ते तुम्ही लिहिलेलं नाही. माकडहाडापाशी किंवा एकाच बाजूच्या कुल्ल्याखाली झाला असेल, तर जखमेवर उपचार करून तुम्ही पुन्हा त्याच कारणावर जाऊन बसला आहात. आणि बाजूला खोचलेली उशी सरकते, चुरगळते. जिथे संवेदना नाही तिथे ती कधी टोचायला लागली हे कळतच नाही.

आणखी एक गोष्ट आहे, ती सहसा दुकानात कोणी सांगत नाही. मागच्या मोठ्या चाकांची आस (ज्या दांड्याभोवती चाक फिरतं तो) नेमकी कुठे आहे, यावर ढकलण्याचे कष्ट ठरतात. मध्ये फुलीसारखी कैची असलेली घडीची खुर्ची 1933 मध्ये हर्बर्ट एव्हरेस्ट आणि हॅरी जेनिंग्ज या दोघांनी आणली. एव्हरेस्ट स्वतः खाणीतल्या अपघातानंतर खुर्ची वापरत होते, आणि गाडीत मावणारी खुर्ची ही त्या काळी फार मोठी सोय होती. इस्पितळांतून दिसणाऱ्या खुर्च्यांचा ढाचा अजून तोच आहे. त्यात आस बहुधा पाठीच्या दांड्याखाली कायमची पक्की केलेली असते. त्यामुळे बराच भार पुढच्या छोट्या चाकांवर येतो आणि ती प्रत्येक खड्ड्यात, फटीत, गालिच्यावर रुततात. रोगी एका खोलीतून दुसरीकडे न्यायला ही खुर्ची ठीक आहे, कारण ढकलणारा मागे उभा असतो. दिवसभर स्वतः ढकलणाऱ्याचा विचार तिच्यात नाही. तो विचार 1970 च्या दशकाच्या शेवटी मॅरिलिन हॅमिल्टन यांनी केला. हँग ग्लायडिंगच्या अपघातानंतर त्यांना जड खुर्ची मिळाली, तेव्हा त्यांनी ग्लायडर बनवणाऱ्या दोन मित्रांकडून त्याच ॲल्युमिनियमच्या नळ्यांची हलकी खुर्ची करून घेतली. पुढे ती 'क्विकी' या नावाने विकली गेली. आजच्या ॲक्टिव्ह खुर्च्या, म्हणजे दिवसभर स्वतः ढकलणाऱ्यांसाठीच्या हलक्या खुर्च्या, त्याच घराण्यातल्या.

साधी घडीची लोखंडी खुर्ची अठरा-वीस किलोंची असते, ॲक्टिव्ह खुर्ची दहा किलोंच्या आसपास. पण नुसत्या वजनावर भुलू नका. चुकीच्या मापाची हलकी खुर्ची हीसुद्धा चुकीचीच. मणक्याच्या इजेनंतर हात-खांदे कसे टिकवायचे, याबद्दल पॅरालाइज्ड व्हेटरन्स ऑफ अमेरिका या माजी सैनिकांच्या संस्थेच्या पुढाकाराने 2005 मध्ये डॉक्टर-थेरपिस्टांसाठी मार्गदर्शिका निघाली. त्यातला सल्ला असा: खुर्ची शक्य तितकी हलकी आणि जुळवून घेता येणारी असावी. तोल सांभाळून आस जमेल तितकी पुढे घ्यावी. हात चाकाच्या कडीच्या (ढकलायला चाकाला बाहेरून लावलेल्या रिंगच्या) वरच्या टोकाला असताना कोपराचा कोन 100 ते 120 अंश राहावा. धक्के लांब आणि सावकाश द्यावेत, आणि हात परत आणताना कडीच्या खालून आणावा.

याचं रोजच्या आयुष्यात काय होतं, ते मोजून बघू. दिवसाला दोन किलोमीटर फिरणं होतं आणि एका धक्क्यात मीटरभर जाता असं धरलं, तर दोन हजार धक्के झाले. तोच धक्का दीड मीटर नेऊ लागला, तर तेराशेच्या जरा वर. दिवसाला साडेसहाशे वाचले, तीनशे दिवसांचे जवळपास दोन लाख. दोन लाख वेळा तुमचा खांदा फिरला नाही! हे आकडे मी धरलेले आहेत. तुमचे खरे तुम्ही काढा: कामाच्या ठिकाणी लिफ्टपासून टेबलापर्यंत किती धक्के लागतात ते उद्या मोजून लिहून ठेवा.

बहिणीची मापाची खुर्ची आली, तेव्हा मला सगळ्यात जास्त जाणवलं ते तिचं वळणं. पाय आत घेतलेले, अरुंद चौकट, त्यामुळे ती बाथरूममध्ये एकटी फिरू लागली. पाठीचा भाग खांद्याच्या पात्याखाली संपतो, म्हणून हात मागे मोकळे जातात. बैठकीची मागची बाजू पुढच्यापेक्षा किंचित खाली, म्हणून धड स्थिर राहतं आणि वरचं कपाट उघडताना दुसऱ्या हाताने काही धरावं लागत नाही. गाडीत बसताना ती चाकं कळ दाबून काढते, पाठ दुमडते आणि चौकट स्वतःच्या अंगावरून शेजारच्या सीटवर टाकते. छोट्या गाडीतही मावते. सोबतीच्या बाई आणि मोठी गाडी हा तुमचा खर्च इथेच कमी होण्याची शक्यता आहे. शिवाय, लोक तिच्याशी बोलायला लागले. मागे ढकलणारा कोणी असला की प्रश्न त्यालाच विचारले जातात. याची रक्कम मला मांडता येत नाही, पण हिशेबात ती आहे.

खुर्चीचे पैसे. तुमच्यासारख्यांना लागणारी मापाची ॲक्टिव्ह खुर्ची तीन महिन्यांच्या पगारात बसेल असं धरते. चांगलं कुशन अर्धा महिना. थेरपिस्टची फी, शिकणं, किरकोळ बदल अर्धा महिना. एकूण चार. भलती आशा न ठेवता, तीनपैकी एकच तास कामावर परत घेता आला असं समजू: वर्षाला दोन महिने. सोबत आणि गाडीचा खर्च निम्मा झाला: आणखी सव्वा. सव्वातीन महिने दर वर्षी, म्हणजे पंधरा महिन्यांत खुर्ची फिटली. पुढचा बेडसोर टळला तर तो या हिशेबाच्या वरचा. इतका परतावा देणारी दुसरी गुंतवणूक मला ठाऊक नाही, आणि कोणी तशी गॅरंटी देत असेल तर मी त्याला दारातूनच परत पाठवीन.

शिल्लकीतून चार गेले की सहा उरतात. ते अडीनडीला हाताशी राहू देत, बँकेच्या साध्या मुदत ठेवीत, हवे तेव्हा मोडता येतील असे. आणि दर वर्षी पाव महिना दुरुस्तीच्या नावाने वेगळा काढा. कुशन खुर्चीइतकं टिकत नाही. फोम दबतो, आणि हवेच्या कुशनमधली हवा रोज तपासावी लागते. टायरमधली हवा कमी झाली तरी ढकलणं लगेच जड होतं. फुकट होणारी हीच एक दुरुस्ती आहे, ती सध्याच्या खुर्चीवरही आजच करून बघा.

बॅटरीच्या खुर्चीबद्दल. ती वाईट नाही, अनेकांसाठी तीच योग्य असते. पण तुमच्या बेतात एक धोका आहे. तुम्ही बारा वर्षं खांदे झिजवून, मग ते गेल्यावर लागणारी खुर्ची घेण्यासाठी पैसे साठवताय. खांदे फक्त ढकलायला लागत नाहीत. पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून कमोडवर, तिथून गाडीत जायलाही तेच लागतात. बॅटरी ते काम करणार नाही. म्हणून खुर्चीच्या आधी खांदे डॉक्टरांना दाखवा. आत काही फाटलं-बिटलं असेल, तर मी वर केलेला हिशेब बदलेल. तेव्हा बॅटरीची जोड देणारी चाकं किंवा पूर्ण बॅटरीची खुर्ची यांचा विचार आत्ताच करावा लागेल.

मग अशा खुर्च्यांची मापं नेहमी घेणारे ऑक्युपेशनल थेरपिस्ट (रोजची कामं स्वतः करता यावीत म्हणून मदत करणारे तज्ज्ञ) किंवा फिजिओथेरपिस्ट गाठा. जागतिक आरोग्य संघटनेने 2008 मध्ये खुर्ची देण्याच्या कामाच्या आठ पायऱ्या सांगितल्या होत्या. त्यात तपासणी, निवड, बसवून जुळवणं, वापरायला शिकवणं आणि नंतरची देखभाल या सगळ्या होत्या. दुकानात यातली एकच होते, पैसे घेण्याची. बैठकीची रुंदी कुल्ल्यांच्या रुंदीइतकी. बैठक गुडघ्याच्या मागे दोन-तीन बोटं आधी संपावी. हात सैल सोडले की बोटांची टोकं आसेपर्यंत पोचावीत. ही मापं तुम्ही घरीही पडताळू शकता, पण अंतिम आकडे थेरपिस्टने लिहून सही केलेले असू देत. मापाने बनवलेली खुर्ची सहसा परत घेत नाहीत, त्यामुळे तो कागद हातात आल्याशिवाय आगाऊ रक्कम देऊ नका. ही तुमची पहिली ॲक्टिव्ह खुर्ची असेल, म्हणून आस पुढे-मागे करता येणारीच घ्या. सुरुवातीला आस मागे ठेवा, मागे कलंडू न देणारी छोटी चाकं लावून घ्या, आणि तोल जमेल तशी ती पुढे सरकवत चला. आधी अर्धा दिवस तशीच खुर्ची वापरून बघायला मागा. लिफ्ट ते टेबल पुन्हा धक्के मोजा. घरी आल्यावर आरशात त्वचा बघा. लाली अर्ध्या तासात गेली नाही, तर ते कुशन किंवा ती बैठक तुमच्यासाठी नाही.

सध्याच्या खुर्चीत असेपर्यंत दर थोड्या वेळाने पुढे वाकून मिनिट-दोन मिनिटं बसायच्या हाडांवरचा भार काढत जा. आणि बाजूची उशी काढून टाका. तिच्याऐवजी तात्पुरतं काय लावायचं ते थेरपिस्टला पहिल्याच भेटीत विचारा.

एजंटला या आठवड्यात नकार कळवा. खांद्यांचा अहवाल आणि मापांचा कागद आला की मला पुन्हा लिहा, धक्क्यांचे दोन्ही आकडेही पाठवा. उरलेल्या सहा महिन्यांच्या पैशांचं पुढे काय करायचं ते तेव्हा ठरवू.