‘इंग्रजी साहित्य घेऊन करणार काय?’

बारावीचा निकाल लागला की बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हा प्रश्न दर आठवड्याला येतो. बहुधा आईवडील विचारतात आणि मूल खाली मान घालून बसलेलं असतं. बावीस वर्षं तो ऐकतेय, म्हणून एका घराची गोष्ट सांगते. नाव आणि ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत.

मैत्रेयीला युनिव्हर्सिटीत इंग्रजी साहित्य घेऊन बी.ए. करायचं होतं. बाबा मकरपुऱ्याच्या एका कारखान्यात स्टोअर्स सांभाळायचे. पहिल्याच भेटीत त्यांनी बाजू मांडली. “ताई, बी.कॉम. केलं तर बँक आहे, सी.ए. आहे. कविता वाचून कोण पगार देतं? ही साहेबाची चैन आपल्याला कशाला?”

चैन म्हणाल तर साहेबालाच ती उशिरा परवडली, असं मी त्यांना सांगितलं. ऑक्सफर्डमध्ये इंग्रजी साहित्याचा स्वतंत्र ऑनर्स अभ्यासक्रम १८९४ मध्ये सुरू झाला. आपल्याकडच्या कॉलेजांत शेक्सपिअर त्याच्या कितीतरी आधीपासून शिकवला जात होता. ज्या बडोदा कॉलेजची पुढे १९४९ मध्ये युनिव्हर्सिटी झाली, तिथे अरविंद घोष इंग्रजीचे प्राध्यापक होते. बाबांनी ऐकून घेतलं, पण पटलं नाही. इतिहासाने बापाची काळजी मिटत नाही, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

मधल्या दोन भेटी त्याच वादात गेल्या. एक गोष्ट मात्र खटकत राहिली. “इंग्रजी तर यायलाच पाहिजे” हे वाक्य बाबा सारखं म्हणायचे आणि ‘साहित्य’ म्हटलं की आवाज चढायचा. वरवर दिसणाऱ्या काळजीच्या मागे जुनी एखादी गोष्ट उभी असते, असं मी मानते. तिला बोलवावं लागतं, ती आपणहून येत नाही. म्हणून चौथ्या भेटीला मी मैत्रेयीला सांगितलं, इंग्रजीची ओढ जिथून लागली ती वस्तू घेऊन ये.

तिने खाकी कव्हर घातलेला जाडजूड इंग्रजी-मराठी शब्दकोश आणला. बाबांचा. बाइंडिंग सुटलेलं, कडा तेलकट. शब्द शोधला की बाबा त्याच्यापुढे पेन्सिलीने टिंब देत. अर्थ विसरला आणि परत पाहावा लागला, की आणखी एक टिंब.

“‘कंडोन’पुढे चार टिंबं आहेत,” ती म्हणाली. “आणि त्याच पानात हे होतं.”

घडी घातलेल्या पत्राची कार्बन कॉपी होती. १९९८ सालची. माल वेळेवर न आल्याबद्दल बाबांनी कंपनीला लिहिलेला खुलासा. त्या वर्षी त्यांची वेतनवाढ थांबली होती.

बाबांनी हात पुढे केला. “ते कशाला काढलंस?”

“बाबा, उशीर ट्रकवाल्याचा होता ना? तुम्हीच सांगायचात. पण तुम्ही लिहिलंय ‘डिले ऑन माय पार्ट’. माझ्याकडून झालेला उशीर. दुसऱ्याच ओळीत चूक स्वतःवर घेतलीत आणि मग ‘कंडोन’ म्हणून माफी मागितलीत. शब्द सगळे बरोबर आहेत. स्पेलिंगसुद्धा.”

बाबा बराच वेळ कागदाकडे बघत राहिले. आई मध्ये बोलायला गेली, मी हाताने थांबवलं. मग ते म्हणाले, “तेव्हा आम्हाला हे सांगणारं कोणी नव्हतं.”

“मला हेच शिकायचंय, बाबा.”

साहित्याच्या वर्गात काय शिकवतात, हे इतकं नेमकं मी कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही. वाक्यात कोण बोलतंय, दोष कुणाकडे सरकतोय, कुठला शब्द गप्प बसलाय, हे ओळखायचं. कादंबरीवर घासलेली ही नजर करारनाम्यावरही चालते आणि बातमीवरही. त्या दिवशी शब्दकोश आणायला सांगायचं सुचलं, याचं मला आजही समाधान आहे.

मग पोटापाण्याचं बोललो, कारण तो प्रश्न खराच आहे. नुसत्या बी.ए.वर थांबू नये. शाळेत शिकवायचं तर बी.एड. हवं. कॉलेजात जायचं तर एम.ए.ला निदान ५५ टक्के (राखीव गटांना सवलत आहे) आणि नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा किंवा पीएच.डी. लागते. बी.ए.नंतर तीन वर्षांचं एलएल.बी. करता येतं. यूपीएससीला इंग्रजी साहित्य हा वैकल्पिक विषय आहे. एम.बी.ए.च्या प्रवेशासाठीच्या कॅट परीक्षेला कुठल्याही शाखेचा पदवीधर बसू शकतो. भाषांतर, संपादन, जाहिरात, कंपन्यांचं लेखनकाम आहेच. मैत्रेयीला मराठी, गुजराती, इंग्रजी तिन्ही येतात. बडोद्याच्या मराठी मुलांची ही मिळकत आपण मोजतच नाही. आणि मुलांनाही सांगते: फाडफाड बोलता यावं एवढ्यासाठी हा विषय घेऊ नका, त्याला क्लास पुरतो. आठवड्याला एक जाड पुस्तक वाचायचा कंटाळा असेल तर बी.कॉम.च बरं.

मैत्रेयीने फॉर्म भरला तेव्हा पालकाच्या सहीच्या जागी बाबांनी इंग्रजीत सही केली. शब्दकोश ते परत घेऊन गेले. पत्र मात्र तिच्याकडेच राहू दिलं.