ऑटोकॅडमध्ये एकाच शीटवर दोन स्केल असतील तर टेक्स्टची उंची किती ठेवायची?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: प्लॅन १:१०० ला आणि डिटेल १:२० ला एकाच शीटवर लावलं की अक्षरं एकीकडे दांडगी, दुसरीकडे दिसेनाशी होतात, आणि भागांची नावं मराठीत लिहिली तर समोरच्याच्या कॉम्प्युटरवर प्रश्नचिन्हं उमटतात. मी ठाण्यात वागळे इस्टेटमध्ये स्ट्रक्चरल स्टीलची शॉप ड्रॉइंग (कारखान्यात भाग बनवण्यासाठीची ड्रॉइंग) काढते, त्यामुळे उत्तर फॅब्रिकेशनच्या अंगाने देतेय. आर्किटेक्चरलवाल्यांच्या काही सवयी वेगळ्या असतात.

पहिली गोष्ट, उंची ठरवायची ती कागदावरची. स्क्रीनवर तुम्ही हवं तेवढं झूम करता, पण फिटरच्या हातात फक्त प्रिंट असते, तीही दोन दिवसांत ग्रीसने माखलेली. समजा कागदावर अक्षर २.५ मिमी हवं. मॉडेल स्पेसमध्ये (ऑटोकॅडमधली मूळ ड्रॉइंगची जागा) सगळं १:१, खऱ्या मापाचं काढलेलं असतं, म्हणजे १:१०० च्या प्लॅनसाठी ते २५० आणि १:२० च्या डिटेलसाठी ५० उंचीचं लिहावं लागतं. तुम्ही सगळीकडे २५० लिहिलंत तर डिटेलमधलं अक्षर कागदावर साडेबारा मिमीचं येणार. सगळीकडे ५० ठेवलंत तर प्लॅनमधलं अर्ध्या मिमीचं, म्हणजे नुसता ठिपका. तुमच्या शीटवर हेच झालंय.

आता २.५ की ३.५? अक्षरांच्या प्रमाणित उंची १.८, २.५, ३.५, ५, ७, १० मिमी अशा चढत जातात. प्रत्येक पायरी आधीच्या साधारण १.४ पट, म्हणजे दोनाच्या वर्गमूळाच्या पटीत. ए-४, ए-३, ए-२, ए-१ हे कागदही याच पटीने वाढतात, आणि हा योगायोग नाही. ए-१ शीटवर ३.५ चं अक्षर असेल तर ते ए-२ वर २.५ आणि ए-३ वर जवळपास १.८ होतं. लहान केलेल्या कागदावरही अक्षर प्रमाणित मापाच्या आसपासच राहतं.

आपल्याकडे याला फार महत्त्व आहे, कारण ऑफिसात ए-१ वर बेतलेलं ड्रॉइंग शॉपमध्ये हमखास ए-३ वर छापलं जातं. नवी मुंबईतल्या रबाळे-महापेच्या शेडमध्ये कोणीही ८४१ मिमी लांबीचा कागद पसरून उभा राहत नाही. ए-१ चं ए-३ केलं की प्रत्येक माप बरोब्बर निम्मं होतं, २.५ चं अक्षर सव्वा मिमीवर येतं आणि ३, ६, ८ एकसारखे दिसू लागतात. म्हणून ए-१ साठी मी ३.५ च्या खाली उतरत नाही. जागा पुरत नसेल तर डिटेल दुसऱ्या शीटवर न्या, अक्षर बारीक करू नका.

दोन स्केलचा गुणाकार स्वतः करायचा नसेल तर टेक्स्ट स्टाइलमध्ये (अक्षराचा फॉन्ट, उंची ठरवणारी सेटिंग) ‘अॅनोटेटिव्ह’ला, म्हणजे स्केलप्रमाणे उंची आपोआप जुळवणाऱ्या सोयीला टिक करा आणि तिथे कागदावरचीच उंची भरा. ही सोय २००८ च्या आवृत्तीपासून आहे, तरी निम्मे लोक तिच्या वाटेला जात नाहीत. त्याचं कारणही सांगते: लेआउटमध्ये (छपाईची शीट मांडायच्या जागेत) गेल्यावर टेक्स्ट गायब होतं आणि माणूस घाबरतो. ते पुसलेलं नसतं. व्ह्यूपोर्टचं, म्हणजे लेआउटमध्ये ड्रॉइंग दाखवणाऱ्या चौकटीचं जे स्केल आहे ते त्या टेक्स्टच्या यादीत नसतं, एवढंच. टेक्स्ट निवडून ‘ऑब्जेक्टस्केल’ कमांड द्या आणि १:२० जोडा. स्केल आपोआप जोडणारं बटण मात्र बंद ठेवा. नाहीतर स्केल बदलाल तसं ते प्रत्येक टेक्स्टला चिकटत जातं आणि पुढे निस्तरताना नाकी नऊ येतात. जनरल नोट्स आणि टायटल ब्लॉक सरळ लेआउटमध्येच लिहा, त्यांना अॅनोटेटिव्ह करायची गरजच नाही.

आणखी एक छुपं कारण तपासा. टेक्स्ट स्टाइलमध्ये ठरावीक उंची भरलेली असेल, तर डायमेन्शन (माप) स्टाइलमध्ये तुम्ही कितीही आकडे बदला, डायमेन्शनचं अक्षर हलत नाही. डायमेन्शनसाठी वेगळी टेक्स्ट स्टाइल करून तिची उंची शून्य ठेवा.

लीडरबद्दल, म्हणजे नावापासून भागाकडे जाणाऱ्या रेघांबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण प्रिंट गिचमिड दिसते ती बहुधा त्यांच्यामुळे. रेघेकडे बोट दाखवायचं असेल तर टोकाला बाण, प्लेटच्या पृष्ठभागाकडे दाखवायचं असेल तर ठिपका. सगळे लीडर शक्यतो एकाच कोनात, आणि नावं एका उभ्या ओळीत. त्यासाठी ‘एमलीडरअलाइन’ आहे.

आता जी गोष्ट खरंच अंगाशी येते ती. डायमेन्शनच्या आकड्यावर डबल क्लिक करून हाताने दुसरा आकडा टाकणं. आमच्याकडे एका कन्सल्टंटकडून बेसप्लेटचं (खांबाच्या पायाशी बसणाऱ्या प्लेटचं) ड्रॉइंग आलं होतं. होलमधलं अंतर १४० लिहिलेलं, प्रत्यक्षात काढलेलं १५०. शेवटच्या क्षणी बदल आला असणार आणि कोणीतरी रेघा न हलवता नुसता आकडा बदलला. प्रोफाइल कटिंगचं मशीन आकडा वाचत नाही, ते डीएक्सएफमधल्या (मशीनला दिलेल्या ड्रॉइंग फाइलमधल्या) रेघेवर चालतं. प्लेटा १५० ने भोकं पडून आल्या, अँकर बोल्ट साइटवर १४० ने बसलेले. इन्स्पेक्शनवाल्याने प्रिंट पुढे केली, कटिंगवाल्याने फाइल, आणि दोघंही आपापल्या जागी बरोबर.

त्यामुळे बाहेरून आलेली फाइल असली की डायमेन्शन निवडून प्रॉपर्टीजमध्ये ‘टेक्स्ट ओव्हरराइड’चा रकाना बघा. तो रिकामा हवा. आकड्यापुढे ‘टिपिकल’ वगैरे जोडायचं असेल तर आकडा खोडू नका. उलटसुलट कोनी कंसांची जोडी <> राहू द्या आणि तिच्यापुढे लिहा, म्हणजे मोजलेलं माप जिवंत राहतं. ओव्हरराइड सापडला तर परस्पर काढूनही टाकू नका. रेघ खरी की आकडा खरा, ते आधी मेलवर लेखी विचारा.

मराठीचं म्हणाल तर ऑटोकॅडच्या स्वतःच्या, रेघांनी बनलेल्या एसएचएक्स फॉन्टमध्ये देवनागरी नसते. ‘सिम्प्लेक्स’ किंवा ‘रोमन्स’ लावून मराठी लिहिलंत तर प्रश्नचिन्हंच येणार. वेगळी टेक्स्ट स्टाइल करा, तिला मंगल किंवा निर्मला यूआयसारखा युनिकोड ट्रूटाइप फॉन्ट द्या. जुन्या, युनिकोडच्या आधीच्या मराठी फॉन्टांच्या भानगडीत पडू नका. ज्याच्याकडे तो फॉन्ट नाही त्याला रोमन अक्षरांची खिचडी दिसते. आम्ही पार्ट मार्क (भागांचे क्रमांक) आणि सेक्शनची नावं रोमनमध्येच ठेवतो, कारण तीच पुढे कटिंग लिस्टमध्ये आणि चलनावर जातात. ‘हा भाग साइटवर वेल्ड करायचा’, ‘रंग लावू नये’ अशा सूचना मात्र मराठीत, आणि इतर अक्षरांपेक्षा एक पायरी मोठ्या. देवनागरीत वर-खाली मात्रा, उकार आणि जोडाक्षरं येतात, त्यामुळे २.५ ला ती रोमनपेक्षा लवकर भरून जातात.

फाइल पाठवताना डीडब्ल्यूजीसोबत (ऑटोकॅडची मूळ फाइल) पीडीएफही द्या, आणि सगळ्या फाइली एकत्र बांधून देणारी ‘ईट्रान्समिट’ कमांड वापरत असाल तर फॉन्ट सोबत घ्यायची टिक तपासा. पीडीएफ उघडल्यावर बाजूला शेकडो कॉमेंट्स दिसल्या तर तो एसएचएक्स मजकूर असतो. ‘पीडीएफएसएचएक्स’ ही सेटिंग शून्य करून परत प्लॉट काढा.