‘लाइक’ दिसले की सिमिली?
इंग्रजी कवितेतल्या संज्ञांविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : ओळीत ‘लाइक’ किंवा ‘अ‍ॅज’ दिसले की मी सिमिली (उपमा) लिहिते. तरीही गुण जातात. का? (बारावीची विद्यार्थिनी, परभणी)

कारण हे दोन्ही शब्द इंग्रजीत इतरही कामे करतात. ‘आय लाइक रेन’ यात आवड आहे, तुलना नाही. ‘अ‍ॅज ही वॉक्ड’ म्हणजे तो चालत असताना. ‘शी सिंग्ज लाइक हर मदर’ यात तुलना आहे, पण ती माणसाची माणसाशी, तीही गाण्याची गाण्याशी. ही साधी तुलना झाली, सिमिली नव्हे. सिमिलीत दोन गोष्टी वेगळ्या जातीच्या असाव्या लागतात आणि त्यांना जोडणारा एखादा गुण असावा लागतो. म्हणून शब्द दिसला की लगेच नाव लिहू नका. आधी स्वतःला विचारा : कशाची तुलना, कशाशी, कोणत्या गुणावरून? तिन्ही उत्तरे ओळीतून मिळाली तरच सिमिली लिहा, आणि उत्तरात ती तिन्ही मांडा. नुसते ‘सिमिली, बिकॉज लाइक इज यूज्ड’ लिहिले तर कविता समजली की नाही हे तपासणाऱ्याला कळत नाही.

प्रश्न : सरोजिनी नायडू यांच्या ‘इंडियन वीव्हर्स’च्या पहिल्या कडव्यात नेमके कोणते अलंकार धरावेत? प्रत्येक गाइडमध्ये वेगळी यादी आहे. (विद्यार्थी, सांगली)

कडवे समोर घेऊनच बघू :

वीव्हर्स, वीव्हिंग अ‍ॅट ब्रेक ऑफ डे,
व्हाय डू यू वीव्ह अ गार्मेंट सो गे?
ब्लू अ‍ॅज द विंग ऑफ अ हॅल्सिअन वाइल्ड,
वी वीव्ह द रोब्ज ऑफ अ न्यू-बॉर्न चाइल्ड.

तिसऱ्या ओळीतली सिमिली निर्विवाद आहे. वस्त्राची तुलना पक्ष्याच्या पंखाशी, गुण निळेपणाचा. हॅल्सिअन म्हणजे आपला खंड्या. ग्रीक पुराणकथेत हा पक्षी शांत समुद्राशी जोडलेला आहे, त्यामुळे बाळाच्या वस्त्राला रंगाबरोबर ती शांतताही मिळते. ‘परिणाम काय’ या प्रश्नाचे उत्तर इथे आहे.

‘हॅल्सिअन वाइल्ड’ आणि ‘गार्मेंट सो गे’ या दोन्ही ठिकाणी विशेषण नामानंतर आले आहे. हे इन्व्हर्जन. ते यमकासाठी केले आहे, म्हणून उत्तरात ‘वाइल्ड’ची ‘चाइल्ड’शी आणि ‘गे’ची ‘डे’शी जोडी दाखवा. ‘वीव्हर्स, वीव्हिंग’मध्ये अलिटरेशन, म्हणजे शब्दांच्या सुरुवातीच्या व्यंजनध्वनीची पुनरावृत्ती, आहे, ‘गार्मेंट सो गे’मध्येही आहे.

गोंधळ होतो तो दुसऱ्या ओळीत. ती रेटॉरिकल क्वेश्चन आहे असे सर्रास लिहिले जाते. मात्र रेटॉरिकल क्वेश्चन उत्तराची अपेक्षा ठेवत नाही. इथे विणकर पुढच्याच दोन ओळींत उत्तर देतात, तेव्हा हा सरळ प्रश्न आहे आणि सगळी कविता अशा सवाल-जवाबावर उभी आहे. विणकरांना हाक मारली म्हणून अ‍ॅपॉस्ट्रॉफी लिहिणेही चूक. तो अलंकार समोर नसलेल्या, मृत किंवा निर्जीव गोष्टीला उद्देशून बोलताना होतो.

सिम्बॉलिझमसाठी (प्रतीकांसाठी) मात्र तिन्ही कडवी एकत्र वाचायला हवीत. पहाट आणि बाळाचे वस्त्र, संध्याकाळ आणि राणीच्या लग्नातले अवगुंठन, थंड चांदणे आणि प्रेताचे कफन. दिवसाच्या तीन वेळा म्हणजे आयुष्याचे तीन टप्पे. रंगही त्याच क्रमाने बदलतात : निळा, मग जांभळा-हिरवा, शेवटी पांढरा. एका कडव्याच्या उताऱ्यात हे सगळे घुसडू नका, पण कवितेचे रसग्रहण विचारले असेल तर इथूनच सुरुवात करा.

प्रश्न : अलिटरेशन म्हणजे अनुप्रासच ना? (पालक, ठाणे)

जवळचा आहे, पण तंतोतंत नाही. मराठीत अक्षर ओळीत कुठेही पुन्हा आले तरी अनुप्रास चालतो. अलिटरेशनमध्ये जवळजवळच्या शब्दांच्या सुरुवातीचा, किंवा आघात असलेल्या अवयवाच्या (सिलेबलच्या) सुरुवातीचा, व्यंजनध्वनी सारखा लागतो. अक्षर नव्हे, ध्वनी. ‘सिटी’ आणि ‘कॅट’ दोन्ही ‘सी’ने लिहितात, तरी अलिटरेशन नाही. ‘फोन’ आणि ‘फिश’ची अक्षरे वेगळी, तरी आहे. मराठी मुलांची आणखी एक फसगत ठरलेली : ‘व्हॅली’ आणि ‘वॉटर’. आपण दोन्हीकडे ‘व’च म्हणतो. इंग्रजीत पहिल्याला वरचे दात खालच्या ओठाला लागतात, दुसऱ्याला फक्त ओठ गोल होतात. ध्वनी दोन, म्हणून अलिटरेशन नाही. शंका आली की आरशासमोर म्हणून बघायला सांगा.

प्रश्न : रूपक येत असूनही मुलांना मेटाफर सापडत नाही. (शिक्षिका, रत्नागिरी)

मुले ‘अमुक म्हणजेच तमुक’ असे वाक्य शोधतात. मराठीच्या पुस्तकातल्या रूपकात उपमेय आणि उपमान दोन्ही समोर असतात. मेटाफरची व्याप्ती मोठी आहे. ‘शी वॉज ड्राउनिंग इन होमवर्क’मध्ये पाण्याचे नावही नाही, क्रियापदाने ते काम केले. म्हणून मुलांना नामांऐवजी क्रियापदे आणि विशेषणे तपासायला लावा. हे क्रियापद या कर्त्याला शब्दशः लागू होते का? होत नसेल तर तिथे बहुधा मेटाफर किंवा पर्सॉनिफिकेशन आहे. निर्जीव गोष्ट माणसासारखी वागत असेल तर पर्सॉनिफिकेशन, म्हणजे आपली चेतनगुणोक्ती.

प्रश्न : राइम स्कीम (यमकांची रचना) लिहिताना प्रत्येक कडव्याला पुन्हा ‘ए’पासून सुरुवात करायची का? आणि ब्लँक व्हर्स, फ्री व्हर्स एकच का? (विद्यार्थी, नाशिक)

उतारा एका कडव्याचा असेल तर ‘ए’पासून. पूर्ण कविता असेल तर नव्या यमकाला नवे अक्षर, त्यामुळे वरच्या कवितेची स्कीम ‘ए ए बी बी, सी सी डी डी, ई ई एफ एफ’ अशी होते. ओळीचा शेवटचा शब्द मोठ्याने म्हणा, स्पेलिंगवर जाऊ नका. ‘लव्ह’ आणि ‘मूव्ह’ दिसायला सारखे, कानाला नाही. उलट ‘स्टिल’ आणि ‘चिल’ कानाला पक्के जुळतात.

ब्लँक व्हर्स आणि फ्री व्हर्स या दोन्हींत यमक नसते, पण ब्लँक व्हर्समध्ये ठेका बांधलेला असतो : ओळीत साधारण दहा अवयव, एकाआड एक आघात, एकूण पाच. मिल्टनचे ‘पॅरडाइज लॉस्ट’ (1667) असे आहे. फ्री व्हर्समध्ये हे बंधनही नाही, अमेरिकन कवी वॉल्ट व्हिटमनच्या कवितांप्रमाणे. पेन्सिलीने बाकावर ताल धरून चार-पाच ओळी वाचा. प्रत्येक ओळीत पाच ठोके बसले तर ब्लँक व्हर्स. ओळी मनमानी लांब-आखूड होत गेल्या तर फ्री व्हर्स.