दारची बिट्टी तोडावी का?

या महिन्यात आमच्याकडे आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे पिवळी कण्हेर, म्हणजेच बिट्टी, आणि तिची बहीण शोभणारी साधी कण्हेर यांच्याविषयी होती. प्रश्न एकमेकांत गुंतलेले असल्याने त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत.

प्रश्न : आमच्या कुंपणालगत सासूबाईंनी लावलेली बिट्टीची सहा झाडे आहेत. त्या रोज सकाळी महादेवाला ही फुले वाहतात. आता अडीच वर्षांची नात आमच्याकडे राहायला येणार आहे आणि शेजारी म्हणतात की झाडे मुळासकट काढून टाका. सासूबाईंचे मन मोडवत नाही आणि भीतीही जात नाही. काय करावे?
— एक वाचिका, कराड

उत्तर : शेजाऱ्यांची भीती निराधार नाही, हे आधी स्पष्ट सांगतो. बिट्टीच्या मुळापासून फुलापर्यंत प्रत्येक भागात विष आहे आणि ते सर्वांत अधिक असते बीमध्ये. थेव्हेटिन, पेरुव्होसाइड, नेरीफोलिन ही त्यातली मुख्य द्रव्ये डिजिटॅलिस या वनस्पतीपासून मिळणाऱ्या हृदयावरच्या औषधाच्या जातकुळीतली आहेत. हृदयाच्या पेशींमध्ये सोडियम बाहेर टाकून पोटॅशियम आत घेणारा जो पंप अखंड चालू असतो, तोच ही द्रव्ये अडवतात. त्यामुळे उलट्या सुरू होतात, नाडी मंदावते, ठोक्यांची लय बिघडते आणि रक्तातले पोटॅशियम वाढते. यातल्या पेरुव्होसाइडचा हृदयविकारावरचे औषध म्हणून अभ्यासही झाला होता, परंतु प्रयोगशाळेत मोजूनमापून दिलेली मात्रा आणि मुलाने चघळलेली बी यांची तुलना होऊ शकत नाही.

लहान मुलांच्या दृष्टीने या झाडाचे संकट असे की त्याचे फळ खेळण्यासारखे दिसते. फळ हिरवे, गुळगुळीत, थोडे कोनदार आणि मुठीत नेमके मावणारे असते. पिकले की काळे पडते, सुरकुतते आणि आपोआप झाडाखाली पडते. गर सुटला की आत बोटांना छान वाटणारी टणक, तिकोनी कोय मिळते. माझ्या लहानपणी शाळेच्या आवारातल्या झाडाखालून आम्ही अशा कोयी खिसे भरून आणत असू आणि त्यांनी खेळत असू. कोय फोडून आतली बी चाखण्याची बुद्धी कोणाला झाली नाही, याबद्दल आज मी देवाचे आभार मानतो. काही देशांत हीच कोय भाग्याची म्हणून जवळ बाळगतात.

तरीही माझा सल्ला सहाही झाडे सरसकट तोडण्याचा नाही. नात जिथे खेळेल त्या अंगणाच्या बाजूची झाडे काढा आणि तिथे जास्वंद लावा. सासूबाईंच्या पूजेसाठी, मुलीचा हात आणि पाय पोहोचणार नाहीत अशा जागी एक झाड राहू द्या आणि त्यावर एकही फळ पिकू देऊ नका. फूल गळून पडल्यावर देठाशी हिरवी गाठ धरलेली दिसली की ती तेव्हाच खुडायची. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वाराला, झाडाभोवती फिरून हे काम करावे आणि खाली पडलेले सगळे वेचून घ्यावे. त्याने झाडाची शक्ती फळांत न जाता फुलांत जाते, म्हणजे पूजेला फुलेही अधिक मिळतात. मात्र हे काम पावसाळ्यात, सणासुदीत आणि गावाला जाताना न चुकता होणार नसेल, तर झाड ठेवू नये. तिथे मन मोडण्याचा विचार करू नका. नात मोठी झाल्यावर झाड पुन्हा लावता येईल.

पूजेबाबत दोन गोष्टी सासूबाईंच्या कानावर घाला. हे फूल तीर्थाच्या पात्रात पडू देऊ नये आणि प्रसादासोबत मुलांच्या हातात देऊ नये. फुले तोडल्यावर हात साबणाने धुवावेत. शिवाय निर्माल्य गाईपुढे टाकण्याची आपल्याकडे जी सवय आहे, ती या फुलांच्या बाबतीत कटाक्षाने सोडावी.

आणि सर्व काळजी घेऊनही मुलाने बी, फळ किंवा पान चावल्याचा संशय आला, तर मिठाचे पाणी पाजून उलटी करवू नका. दूध, तूप, कोळसा असे घरगुती उपाय करत बसू नका. तोंडात उरलेले काढून टाका, चूळ भरता येत असेल तर भरवा, फळाचा नमुना पिशवीत घ्या आणि जिथे हृदयाचा आलेख काढण्याची सोय आहे अशा रुग्णालयात लगेच जा. वाहन नसेल तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. दिल्लीच्या एम्समधील राष्ट्रीय विष माहिती केंद्र १८०० ११६ ११७ या निःशुल्क क्रमांकावर मार्गदर्शन करते, पण त्या फोनसाठी निघण्यास उशीर करू नका. मूल हसतेखेळते दिसले तरी थांबू नये, कारण ठोक्यांवरचा परिणाम काही तासांनी दिसू शकतो आणि डॉक्टर त्यासाठीच देखरेखीखाली ठेवतात.

प्रश्न : तीन वर्षांपूर्वी लावलेली बिट्टी उंच वाढली आहे, पण शेंड्यालाच चार फुले येतात. पावसाळ्यात पाने पिवळी होऊन गळतात. खत कोणते द्यावे?
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : खताचा विचार शेवटी करा. हे झाड मूळचे मेक्सिको आणि मध्य अमेरिकेच्या उष्ण भागातले. त्याला भरपूर ऊन आणि पाण्याचा झपाट्याने निचरा होणारी जमीन लागते. उन्हाळ्यात पाण्याचा खंड ते सोसते, परंतु मुळाशी साचलेले पाणी त्याला सोसत नाही. कोकणातल्या पावसात आळे खोलगट राहिले तर मुळे गुदमरतात आणि पाने पिवळी पडतात. जूनपूर्वी आळे मोडून बुंध्याशी मातीचा उंचवटा करा, पाणी बाहेर जाण्यास चर काढा. कुंडीत झाड असेल तर तळाची छिद्रे बुजलेली नाहीत ना ते पाहा आणि कुंडीखालची ताटली काढून टाका.

फुले शेंड्यालाच येतात, कारण बिट्टी नव्या फुटीच्या टोकाला फुलते आणि तुमच्या झाडाला टोकेच मोजकी आहेत. थंडी ओसरल्यावर, फेब्रुवारीच्या सुमारास, उंच फांद्या एक तृतीयांश उतरवा. प्रत्येक कापाखालून दोन-तीन फुटी निघतील आणि तितकीच टोके फुलतील. छाटणीच्या दिवशी लांब बाह्यांचे कपडे, रबरी हातमोजे आणि चष्मा आवश्यक समजा. सिकेटर, म्हणजे छाटणीची कात्री, लावताच कापातून दुधासारखा पांढरा चीक टपटपू लागतो. तो हातावर वाळला की चिकट पापुद्रा बनतो, नाजूक त्वचेची आग होते आणि डोळ्यात उडाला तर फार त्रास देतो. उडालाच तर डोळा चोळू नका, स्वच्छ पाण्याने बराच वेळ धुवा आणि डॉक्टरांना दाखवा. काम संपल्यावर सिकेटरची पाती पुसून धुवा, नाहीतर त्याच पात्यांनी कोणी कढीपत्ता कापेल.

छाटलेल्या फांद्या जाळू नयेत, कारण त्यांचा धूरही अपायकारक असतो. बंब किंवा चूल पेटवण्यासाठी त्या वापरू नयेत आणि हुरडा-कणसे भाजताना तर मुळीच नकोत. नव्या रोपांसाठी हाताच्या वितीएवढ्या अर्धपक्व फांद्या निवडा, त्यांचा चीक सावलीत वाळू द्या आणि मग वाळूमिश्रित मातीत खोचा. आता खत : वर्षातून एकदा दोन घमेली मुरलेले शेणखत पुरे. युरिया दिलात तर पानेच माजतील.

प्रश्न : आमच्या बिट्टीवर कोकिळा येऊन फळे खाते आणि तिला काही होत नाही. मग हे झाड विषारी असल्याचे आपण उगाच मानतो का?
— एक विद्यार्थी, नागपूर

उत्तर : तुझे निरीक्षण अगदी खरे आहे, कोकिळेने बिट्टीची फळे खाल्ल्याच्या नोंदी पक्षी-अभ्यासकांनीही केल्या आहेत. चूक आहे ती त्यावरून काढलेल्या निष्कर्षात. एका प्राण्याला जे पचते ते दुसऱ्याला पचेलच असे नसते आणि सस्तन प्राण्यांना, म्हणजे तुला, मला, गाईला आणि कुत्र्याला, हे फळ घातकच आहे. साध्या कण्हेरीवर याचे आणखी सुंदर उदाहरण पाहायला मिळेल. कॉमन क्रो नावाचे गडद तपकिरी फुलपाखरू तिच्यावर अंडी घालते, त्याच्या अळ्या ती विषारी पाने खाऊनच वाढतात आणि पानाखाली त्यांचा कोष लटकतो तो चांदीच्या डुलासारखा चकचकीत. पाने खाल्लेली दिसली म्हणून लगेच औषध फवारू नकोस, आधी पान उलटून बघ. कोवळ्या शेंड्यावर पिवळा मावा मात्र दाटला असेल तर पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने तो धुऊन काढ.

प्रश्न : रस्त्याच्या दुभाजकात कण्हेर लावतात, तिला जनावरे तोंड लावत नाहीत. मग शेताच्या बांधावर लावली तर शेळ्यांना धोका नाही असे समजावे का?
— एक वाचक, जत

उत्तर : असे समजू नये. पाणी कमी लागते, धूर आणि धूळ सोसते आणि जनावरे खात नाहीत, म्हणून ती दुभाजकात लावतात हे खरे. पण जनावरे टाळतात ती उभ्या झाडाची कडू, हिरवी पाने. तोडून टाकलेली पाने वाळली तरी त्यांतले विष टिकून राहते आणि ती चाऱ्यात मिसळली की भुकेले जनावर त्यांची निवड करत बसत नाही. चाऱ्याची टंचाई असणाऱ्या तुमच्या भागात हा धोका अधिकच आहे. गोठ्याजवळ, वैरणीच्या गंजीजवळ आणि पाण्याच्या हौदाजवळ कण्हेर किंवा बिट्टी लावू नका. बांधावर आधीच असेल तर छाटणीचा पाला त्याच दिवशी गोळा करून, जनावरे उकरणार नाहीत इतक्या खोल खड्ड्यात पुरा.