कंपनीचं सर्व्हिस पॅकेज की बाहेरचं गॅरेज? आधी पॅकेजमधल्या ओळी वाचा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: टर्बो पेट्रोल गाडी, अडीच वर्षं झालीत, वॉरंटीचे सहा महिने उरलेत. वर्षाला साधारण ८,००० किलोमीटर फिरणं होतं. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरने पुढच्या चार वर्षांचं प्रीपेड पॅकेज पुढे केलंय आणि बाहेरचा एक गॅरेजवाला वर्षाच्या हिशेबाने जवळपास निम्म्यात करून देतो म्हणतोय. 'यात सगळं येतं' असं दोघेही सांगतायत.

माझं मत आधीच सांगतो: वॉरंटी संपेपर्यंत कंपनीकडेच जा, पण चार वर्षांचं पॅकेज घेऊ नका. नंतर बाहेर जा, तिथेही पहिल्या वर्षी पॅकेज नको. आता कारणं, कारण तुमचं फिरणं किंवा गाडी वेगळी असती तर उत्तरही बदललं असतं.

दोन्ही पॅकेजमध्ये जे काम असतं ते कुठल्याही गॅरेजमधलं सगळ्यात सोपं काम आहे. इंजिन ऑइल, ऑइल फिल्टर, एअर फिल्टर, एसीचा फिल्टर, पाणी-कूलंटची पातळी, वरवरची तपासणी. नीट शिकलेला पोरगा हे दीड-दोन तासांत करतो. यावरून गॅरेजची पारख होत नाही. पारख होते ती गाडी लिफ्टवर चढल्यावर काहीतरी सापडतं तेव्हा: सस्पेन्शनचा बुश फाटलाय, ब्रेक डिस्कला कड आलीय, कुठून तरी ऑइल पाझरतंय. ते काम पॅकेजमध्ये नसतंच, आणि तुमचे खरे पैसे तिथेच जातात. पॅकेजची किंमत बघून गॅरेज निवडणं म्हणजे पायपुसणं आवडलं म्हणून घर घेण्यासारखं आहे.

म्हणून पहिलं काम, गाडीबरोबर मिळालेलं मॅन्युअल काढा. शेवटाकडे मेंटेनन्सचा तक्ता असतो, किलोमीटर आणि महिने असे दोन्ही आकडे दिलेले, 'जे आधी होईल ते'. तुमच्या फिरण्यात किलोमीटर कधीच आधी भरणार नाहीत, तुमची गाडी कॅलेंडरवर चालते. आज २०,००० झालेत असं धरलं तर चार वर्षांनी ५२,००० च्या आसपास असाल. आता त्या चार वर्षांत खरोखर काय येतं ते एका कागदावर लिहून काढा. ऑइल आणि ऑइल फिल्टर बहुधा दरवर्षी. ब्रेक ऑइल बहुतेक कंपन्या दोन वर्षांनी सांगतात, म्हणजे दोनदा. एअर फिल्टर एकदा किंवा दोनदा. स्पार्क प्लग इरिडियमचे असतील तर त्यांचं आयुष्य बऱ्याच गाड्यांत लाख किलोमीटरच्या घरात असतं, ते या काळात येणारच नाहीत. हल्लीच्या कूलंटचा पहिला बदलही अनेक गाड्यांत बराच उशिरा असतो. तक्त्यात काय आहे ते बघा, पण पॅकेजच्या माहितीपत्रकात 'स्पार्क प्लग समाविष्ट' असं ठळक छापलेलं असेल आणि तुमच्या तक्त्यात ते लाखाला असतील, तर त्या ओळीचा तुम्हाला काडीचा उपयोग नाही.

उलट ब्रेक ऑइलची ओळ नेमकी स्वस्त पॅकेजमधून गळलेली असते. कमी फिरणाऱ्या माणसालाच ती जास्त लागते. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषून घेतं, गाडी उभी असली तरी. डॉट ४ या दर्जाचं नवं ब्रेक ऑइल किमान २३० अंश सेल्सिअसला उकळायला हवं, ओल धरल्यानंतरच्या चाचणीत तीच मर्यादा १५५ अंशांवर येते. घाट उतरताना ब्रेक तापले की हा फरक पायाला कळतो, पेडल मऊ पडतं. 'अजून पंधरा हजारही झाले नाहीत, पुढच्या वेळी बघू' असं कोणी म्हणालं तर किलोमीटर विचारू नका, तारीख विचारा.

आता दोन्ही पॅकेज त्या कागदाला लावून बघा. जे तक्त्यात नाही त्यावर काट मारा. इंजिन फ्लश, इंजेक्टर क्लीनिंग, थ्रॉटल बॉडी क्लीनिंग, एसी डिसइन्फेक्शन, कोटिंग असल्या ओळी दोन्हीकडे सापडतील, कंपनीकडे जरा जास्तच. काही त्रास असेल तर त्यातलं एखादं काम करणं ठीक आहे. पण अडीच वर्षांच्या, वेळेवर ऑइल बदललेल्या इंजिनाला फ्लश, म्हणजे आतून धुणं, कशाला? ज्या कंपनीने गाडी बनवली तिच्याच तक्त्यात ही ओळ का नसते, हे सर्व्हिस अ‍ॅडव्हायझरला नम्रपणे विचारून बघा. मी विचारतो. बहुतेक वेळा ओळ गुपचूप काढली जाते.

'इतक्या पॉइंटची तपासणी मोफत' याला भुलू नका. त्या पॉइंटमध्ये हॉर्न वाजतो का आणि वायपर फिरतो का हेही मोजलेलं असतं. त्याऐवजी आकडे मागा. ब्रेक पॅड किती मिलिमीटर उरलेत? नवे साधारण दहा-बारा असतात, तीनच्या आसपास आले की बदलायचे. डिस्कची किमान जाडी डिस्कवरच कोरलेली असते, मोजून घेतली का? टायरची नक्षी किती उरलीय? जो मोजून लिहून देतो त्याचं 'पॅड गेलेत' मी मानतो. नुसतं 'साहेब, पॅड संपत आलेत' म्हणणाऱ्याला चाक काढून दाखवायला सांगतो.

पॅकेजच्या अटींवर फार लिहीत नाही, पण पैसे देण्याआधी एवढं लेखी घ्या. ब्रेक पॅड, वायपर, क्लच, बॅटरी यांसारखे झिजणारे भाग आत आहेत का (बहुधा नसतात). त्यांची मजुरी तरी आत आहे का. एखादी सर्व्हिस चुकली तर ती पुढे सरकते की बुडते. गाडी विकली तर नव्या मालकाच्या नावावर होतं का, किंवा पैसे परत मिळतात का. आणि दुसऱ्या गावच्या सेंटरमध्ये चालतं का. चार वर्षांत गाडी बदलायचा विचार मनात डोकावत असेल तर यातला गाडी विकण्याचा प्रश्न सगळ्यात महाग पडू शकतो. कंपनीच्या पॅकेजचा एकच खरा फायदा मला दिसतो: पुढे ऑइल-पार्टचे भाव वाढले तरी तुमचा दर गोठलेला राहतो. तो फायदा भरपूर फिरणाऱ्याला मोठा, तुम्हाला किरकोळ.

वॉरंटीबद्दल लोकांच्या मनात जी भीती असते ती अर्धी खरी आहे. बाहेर सर्व्हिसिंग केलं की वॉरंटी आपोआप जाते, असं सगळीकडे नाही. अमेरिकेत १९७५ च्या मॅग्नुसन-मॉस कायद्याने, अमुकच ब्रँडचा पार्ट किंवा अमुकच ठिकाणची पैसे देऊन केलेली सर्व्हिस ही वॉरंटीची अट करायला सर्वसाधारणपणे मनाई आहे, आणि युरोपीय संघातले स्पर्धेचे नियमही स्वतंत्र गॅरेजच्या बाजूने आहेत. तुमच्याकडचा कायदा काय म्हणतो आणि वॉरंटीच्या पुस्तिकेत काय छापलंय ते बघा. पण कायदा बाजूने असला तरी उरलेल्या सहा महिन्यांसाठी भांडायची तयारी ठेवण्यात अर्थ नाही. क्लेम करताना बिलांवर शंका घ्यायला कोणाला जागाच ठेवू नका. तेवढी एक सर्व्हिस कंपनीकडे करा, तक्त्याप्रमाणे, पॅकेज न घेता, तिच्यापुरतेच पैसे देऊन.

आणि ती सर्व्हिस नीट वापरून घ्या. गाडीतला प्रत्येक बारीक त्रास जॉबकार्डवर, म्हणजे गाडी सोडताना सेंटरवाले भरतात त्या कामाच्या कागदावर, शब्दांत लिहून घ्या. 'ग्राहकाने आवाजाची तक्रार केली' एवढ्याने भागत नाही. 'सकाळी गाडी थंड असताना, वळणावर, पुढच्या डाव्या चाकाकडून टकटक' असं लिहा. जॉबकार्डची प्रत घ्या. वॉरंटीत नोंदलेली तक्रार वॉरंटीनंतर उफाळली तर तुमचं बोलणं वजनदार होतं. प्रलंबित रिकॉल (दोष दुरुस्त करायला कंपनीने गाड्या परत बोलावणं) आणि सॉफ्टवेअर अपडेट आहेत का तेही याच वेळी विचारा. रिकॉलचं काम, तुम्ही सर्व्हिसिंग कुठेही करत असलात तरी, कंपनीनेच करायचं असतं.

वॉरंटी संपल्यावर मी बाहेरच्या बाजूला झुकतो, त्याचं कारण निव्वळ पैसे नाही. कंपनीच्या सेंटरमध्ये तुमच्याशी बोलतो तो माणूस गाडीला हात लावत नाही, आणि हात लावतो तो तुमच्याशी बोलत नाही. मधल्या मध्ये तक्रार पातळ होते. शिवाय तिथे आख्खी असेंब्ली बदलण्याकडे कल असतो, कारण तसं करणं पटकन होतं आणि परत तक्रार येत नाही. चांगला बाहेरचा मेकॅनिक तीच असेंब्ली उघडून आतलं बेअरिंग बदलतो. पण 'चांगला' हा शब्द इथे सगळं ओझं वाहतोय. तर तुमचा गॅरेजवाला कसा आहे ते ओळखायचं कसं?

त्याला विचारा, या गाडीला ऑइल कुठलं टाकता. '५डब्ल्यू-३०, फुल सिंथेटिक' हे अर्धंच उत्तर आहे. तो फक्त जाडपणा झाला, तोही तुमच्या मॅन्युअलमध्ये ०डब्ल्यू-२० असू शकतो. दर्जाचं काय? टर्बो आणि डायरेक्ट इंजेक्शनच्या पेट्रोल इंजिनांत कमी वेगावर, जास्त ताणाखाली, ठिणगीच्या आधीच इंधन पेटण्याचा दोष उद्भवू शकतो आणि तो पिस्टन फोडू शकतो. त्यावर उपाय म्हणून ऑइलचे दर्जे बदलले, अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटचे, म्हणजे एपीआयचे, २०१८ मध्ये एसएन प्लस आणि २०२० मध्ये एसपी. मॅन्युअल एसपी किंवा कंपनीची स्वतःची मान्यता मागत असेल तर डब्यावर तेच छापलेलं हवं. एक्झॉस्टला पार्टिक्युलेट फिल्टर, म्हणजे धुरातली काजळी अडवणारी जाळी, असेल तर कमी राखेचं ऑइलही लागतं. जो गॅरेजवाला 'थांबा, तुमच्या गाडीचं बघून सांगतो' म्हणतो तो मला ठोकून उत्तर देणाऱ्यापेक्षा जास्त आवडतो.

पहिल्या वेळी जमलं तर समोर उभे राहा. ऑइल पिंपातून येतंय की सीलबंद डब्यातून? खालचा ड्रेन बोल्ट काढल्यावर त्याचा चपटा वॉशर बदलला का? तो दाबून बसणारा असतो, जुना लावला तर पाझरायला लागतो. फिल्टर काढल्यावर इंजिनच्या बाजूची जागा त्याने कापडाने पुसून बघितली का? जुन्या फिल्टरचं रबर कधी कधी तिथेच चिकटून राहतं, वरून नवा फिल्टर बसतो, दोन रबरं एकावर एक, आणि थोडी गाडी चालली की ऑइल धो धो. बोल्ट आवळताना शेवटचा हात टॉर्क रेंचने (ठरलेल्या ताकदीइतकंच आवळणारा पाना) की एअर गनने? खालचं ऑइलचं चेंबर अ‍ॅल्युमिनियमचं असेल तर गनने आटे जातात आणि ते तुम्हाला पुढच्या सर्व्हिसला कळतं, तेही दुसऱ्याच गॅरेजमध्ये. सगळं झाल्यावर गाडी सपाट जागी उभी करून, इंजिन थोडं चालवून, बंद करून, डिपस्टिक बघतो का? यातलं निम्मं जरी न सांगता केलं तर माणूस कामाचा आहे.

मग बिल बघा. मॅन्युअलमध्ये फिल्टरसह ऑइल किती लागतं तो आकडा असतो. साडेतीन लिटर लागत असेल आणि बिलात सव्वाचार असतील, तर उरलेल्याचं काय झालं? डबा तुमचा आहे, घरी आणा. हे कंपनीच्या बिलालाही लागू आहे, तिथेही गोल आकडे लावलेले मी पाहिलेत. बिलावर पार्ट नंबर, ऑइलचं पूर्ण नाव, किलोमीटर आणि तारीख हवीच. जो 'बिलाशिवाय स्वस्तात करतो' म्हणतो त्याच्याकडचं पॅकेज फुकट मिळालं तरी घेऊ नका. गाडी विकताना सर्व्हिस बुकात कंपनीचा स्टॅम्प नसला तरी चालतं, पण बिलांची फाइल नसेल तर घेणारा भाव पाडतोच.

बाहेरचा मेकॅनिक कितीही चांगला असला तरी काही कामं त्याच्याकडे नेऊ नका. एअरबॅग, चावीचं प्रोग्रॅमिंग, काच बदलल्यावर पुढच्या कॅमेऱ्याचं कॅलिब्रेशन. हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडी असती तर हाय व्होल्टेजचं प्रत्येक काम. साधा स्कॅनर फॉल्ट कोड वाचतो आणि पुसतोही, पण कंपनीच्या सॉफ्टवेअरशिवाय काही मॉड्यूल उघडतच नाहीत. कोड पुसून 'झालं' म्हणणाऱ्याकडून तर दूरच राहा, कारण कोड हा तक्रारीचा पुरावा असतो.

तुम्ही एक्स्टेंडेड वॉरंटी घेणार असाल तर मात्र गणित फिरतं. तिच्या अटींत कंपनीच्याच सेंटरमध्ये सर्व्हिसिंगची सक्ती असेल, तर दोन्ही खर्च एकत्र धरून बघा. मग पॅकेजवर घासाघीस करा, आणि चारऐवजी वॉरंटीच्या मुदतीइतकंच मागा. तसंच वर्षाला वीस-पंचवीस हजार किलोमीटर होत असते, तर मी पॅकेज घ्या म्हणालो असतो, कारण तक्त्यातल्या महागड्या ओळीही पॅकेजच्या काळात आल्या असत्या.

बाहेरच्या गॅरेजचं वार्षिक पॅकेज पहिल्या वर्षी न घेण्याचं कारण सरळ आहे. एकदा पॅकेजशिवाय, त्या कामापुरते पैसे देऊन काम करून घ्या, बिल बघा, मग एखादी पॅकेजबाहेरची तक्रार घेऊन जा आणि तो ती कशी हाताळतो ते पाहा. आगाऊ पैसे दिलेले असले की वाईट काम झालं तरी माणूस पुन्हा तिथेच जातो. दुसऱ्या वर्षी तोच दर मिळेल का, हे मात्र आत्ताच विचारून ठेवा.