ललिता पवारांचं करिअर एका थपडेनं संपलं की एका थपडेनं घडलं?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात. एक, 1942 मध्ये सेटवर बसलेल्या थपडेमुळे ललिता पवारांना हिरॉईनची कामं सोडून खाष्ट सासू व्हावं लागलं हे खरं का. दोन, ती थप्पड बसलीच नसती तर त्या एवढ्या मोठ्या झाल्या असत्या का. पहिल्याचं उत्तर अर्धं हो. दुसरा प्रश्न वाचून डोकं फिरलं म्हणून लिहायला बसले, कारण हाच प्रश्न माझा मामा दर दिवाळीला फराळाच्या ताटावर विचारतो आणि उत्तर पण स्वतःच देतो.

माहीत असलेलं आधी उरकते. 'जंग-ए-आज़ादी'चं शूटिंग, समोर भगवानदादा, सीनमध्ये थोबाडीत मारायची होती आणि ती भलतीच जोरात बसली. चेहऱ्याला लकवा, डाव्या डोळ्याची नस फुटलेली, तीन वर्षं उपचार, आणि तो डोळा कायमचा बारीक राहिला. एवढं व्हॉट्सॅपवर फिरत असतं आणि पुढच्या ओळीत थेट टीव्हीवरची मंथरा येते. मधली पंचेचाळीस वर्षं गेली कुठे? आणि थपडेच्या आधीची तर कुणी विचारतच नाही.

आधीची सांगते. येवल्याची मुलगी, जन्म 1916 चा, मूळ नाव अंबा. 1928 च्या सुमारास मूकपटात बालकलाकार म्हणून आली. 1932 च्या 'कैलाश' या मूकपटात काम तर केलंच, निर्मितीतही वाटा होता, म्हणजे वय वर्षं सोळा. बोलपट आल्यावर मूकपटातल्या बऱ्याच जणींचं दुकान बंद झालं, ही टिकली, वर 1937 मध्ये 'दुनिया क्या है' काढला. स्टंटपटांची हिरॉईन होती ती, आपण जिला कायम डोक्यावर पदर घेऊनच बघितलंय ती. 1941 मध्ये मास्टर विनायकांच्या 'अमृत'मध्ये होती, कथा वि. स. खांडेकरांची. म्हणजे थप्पड बसली तेव्हा चौदा वर्षांचा अनुभव गाठीशी होता. कुणी नवखी पोरगी नव्हती की गाल सुजला आणि अचानक कला जागी झाली.

आता मला एवढा राग का येतो ते. मी हौशी नाटकात काम करायचे, राज्य नाट्य स्पर्धेसाठी दर वर्षी आमचा ग्रुप नाटक बसवायचा. त्या वर्षी मला मेन रोल मिळाला होता, तालमी रंगात आल्या होत्या, आणि एका सकाळी चूळ भरताना पाणी ओठाच्या कोपऱ्यातून आपोआप गळायला लागलं. आरशात बघितलं तर अर्धा चेहरा जागच्या जागी. डावा डोळा मिटतच नव्हता. बेल्स पाल्सी, म्हणजे चेहऱ्याच्या नसेचा लकवा. डॉक्टर म्हणाले लवकर आलात, बरी व्हाल, गोळ्या दिल्या, डोळ्यात घालायला थेंब, रात्री पापणी टेपने चिकटवून झोपायचं, आणि दिवसभर आरशासमोर बसून भुवया उडवायच्या, गाल फुगवायचे, शिट्टी मारायची. शिट्टी काही वाजायची नाही, नुसती फुस्स व्हायची आणि आई दुसऱ्या खोलीत जाऊन रडायची.

तेवढ्यात आमचे दिग्दर्शक बघायला आले. मोसंबी घेऊन. चहा झाला आणि म्हणाले, अगं काळजी करू नकोस, तुझा रोल दुसरीला दिलाय पण तुला सासूचा देतो, मेकअपचा पण खर्च वाचला, आता तू आमची ललिता पवार! आणि हसले. घरातले पण कसनुसे हसले. मला हसायचं म्हटलं तरी अर्धंच हसता येत होतं. आणि मामा, जो तेव्हा आमच्याकडेच मुक्कामाला होता, तो म्हणाला की बघ, त्या बाईचं पण थपडेनं सोनंच झालं, तोंड वाकडं झालं नसतं तर तिला कोण ओळखत होतं, देव एक दार बंद करतो वगैरे वगैरे.

तो सासूचा रोल मी घेतला नाही. सासूचा होता म्हणून नाही हां, रोल चांगला होता. तो माझ्या वाकड्या तोंडाला दिला होता, मला नाही, म्हणून. आजारपणात वेळच वेळ होता, तेव्हा बाईंचे मिळतील ते सिनेमे बघत बसले. मामाला उत्तर द्यायचं म्हणून सुरुवात केली आणि मग वेडच लागलं.

1944 चा प्रभातचा 'रामशास्त्री' घ्या. त्यात आनंदीबाई कोण, तर ललिता पवार. थपडेनंतर दोनच वर्षांत, लोक म्हणतात ती तीन वर्षं अजून संपलेलीही नव्हती. मग 1950 चा शांतारामबापूंचा 'दहेज', तिथे ती सासू ठरली आणि तो शिक्का पुढे जन्मभर चिकटला. पण 1955 च्या 'श्री 420' मधली केळेवाली? ती कुठे खाष्ट आहे? 1959 चा 'अनाड़ी', हृषीकेश मुखर्जींचा, त्यातली मिसेस डिसा वरून करवादणारी आणि आतून भाडेकरू राज कपूरसाठी जीव टाकणारी. त्याला फिल्मफेअर मिळालं. मुखर्जींनी बारा वर्षांनी 'आनंद'मध्ये मेट्रन म्हणून घेतलं तेव्हा नाव पुन्हा डिसाच ठेवलं, हे मला फार आवडतं.

आणि ज्याचा अर्धा चेहरा कधी बंद पडलाय त्यालाच कळेल अशी एक गोष्ट सांगते. राग दाखवणं सोपं असतं, बारीक डोळा आपोआप संशयी दिसतो, त्याला काही कष्ट नाहीत. अवघड असतं ते प्रेमाने बघणं, कारण हसलं की तो डोळा आणखी मिटतो. आता 1962 चा 'प्रोफेसर' बघा. कडक शिस्तीची बाई, म्हाताऱ्याच्या वेशातल्या शम्मी कपूरच्या प्रेमात पडते आणि चक्क लाजते. ज्या चेहऱ्याला सगळ्या देशाने कजाग ठरवलं होतं त्या चेहऱ्याने ती लाजते आणि आपल्याला ते पटतं! मान, आवाज, हातातला पदर, सगळं कामाला लावलंय. हे थपडेनं शिकवलं? मग मला का नाही आलं, माझी तर तीच बाजू गेली होती.

मामाचं म्हणणं, डोळा नसता गेला तर चाळिशीत घरी बसली असती, इतर हिरॉईन बसल्याच ना. असेल बाबा. पण डोळा जाऊन घरी बसलेल्यांची नावं तुला कुणी सांगितली का? त्यांच्यावर मेसेज कोण लिहितो? मंथराचंच घे, 1987 च्या रामायणाच्या कितीतरी आधी, 1961 च्या 'संपूर्ण रामायण'मध्ये तिनं तोच रोल केला होता. त्याच वर्षी संगीत नाटक अकादमी पुरस्कार मिळाला. टीव्हीवरचं रामायण काढणाऱ्या रामानंद सागरांनी काय डोळा बघून बोलावलं असेल? काम माहीत होतं म्हणून बोलावलं. (ठीक आहे, थोडा डोळाही बघितला असेल, मी अगदीच आंधळी भक्त नाही.)

हेही मान्य करते की हिरॉईनची कामं गेली ती त्या अपघातामुळेच, आणि जे गेलं ते गेलंच. स्वतः सिनेमे काढणारी बाई पुढे काय काय करू शकली असती कोण जाणे. म्हणून तर 'बरंच झालं' म्हणणाऱ्यांचा जास्त राग येतो. तुमच्या ओळखीत कुणाचं असं काही झालं असेल तर त्याला ललिता पवारचं उदाहरण देऊ नका, मोसंबी द्या आणि गप्प बसा. आणि तोंड अचानक वाकडं झालं तर मालिश, काढे करत न बसता त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा, कारण तो स्ट्रोक पण असू शकतो आणि ते घरी बसून ओळखता येत नाही.

1998 मध्ये त्या पुण्यात, औंधला गेल्या. त्या शेकड्यांनी सिनेमांपैकी तुम्हाला कुठून सुरुवात करायची असेल तर आधी 'अनाड़ी', मग 'प्रोफेसर'. 'जंगली' मागून बघा, त्यात शम्मीच्या आरडाओरड्यात बाईंकडे लक्षच जात नाही.