ऑर्गनसाठी जोडून घेतलेल्या संगणकावर ऑर्गनच लोड होत नाही

प्रश्न: व्हर्च्युअल पाइप ऑर्गनसाठी (खऱ्या ऑर्गनचे रेकॉर्ड केलेले स्वर संगणकावर वाजवणारं सॉफ्टवेअर) डेस्कटॉप जोडून घेतला. सॉफ्टवेअर कोणतं, ऑर्गन कोणता, त्याला ४० जीबी रॅम लागते, हे ऑर्डरआधीच ईमेलने कळवलं होतं. पार्ट विक्रेत्यानेच निवडले. आता तो ऑर्गन लोड होत नाही आणि लहान ऑर्गनवरही बरेच स्टॉप (स्वरांचे वेगवेगळे संच) ओढले की आवाज तडतडतो. आत ३२ जीबीची एकच स्टिक आहे. विक्रेता म्हणतो, ‘मशीन चालू होतंय, सॉफ्टवेअर आमची जबाबदारी नाही.’ पैसे परत मिळतील का?

उत्तर: त्या ईमेलमुळे तुमची बाजू भक्कम आहे. वस्तू कशासाठी हवी हे सांगून निवड त्या धंद्यातल्या विक्रेत्यावर सोपवली, तर ती त्या कामाला योग्य असणं ही मालविक्री कायदा, १९३० च्या कलम १६(१) नुसार गर्भित अट ठरते. ब्रँड-मॉडेलसह यादी तुम्हीच दिली असती, तर इतक्या ठामपणे सांगितलं नसतं.

दोन तक्रारी मात्र वेगळ्या मांडा. लोड न होणं हा सरळ हिशेब आहे: सॅम्पल (रेकॉर्ड केलेले स्वर) रॅममध्ये बसावे लागतात आणि ३२ जीबीत ४० मावत नाहीत. टास्क मॅनेजरमधल्या मेमरीचा स्क्रीनशॉट (एकूण रॅम, वापरलेले स्लॉट) आणि लोड करतानाचा एरर पुरेसा आहे. तडतडीवर वाद होईल. एकाच स्टिकमुळे मेमरी सिंगल चॅनलवर (एकाच मार्गाने) चालते, बँडविड्थ म्हणजे डेटा वाहून नेण्याचा वेग निम्मा होतो आणि शेकडो सॅम्पल एकदम वाचताना तो अपुरा पडतो. पण लहान बफर (आवाज वाजण्याआधी तात्पुरता साठवण्याची जागा) किंवा वाय-फायचा ड्रायव्हर यांमुळेही तसंच होतं, आणि विक्रेता नेमकं तेच म्हणेल. म्हणून साउंड कार्डचा एएसआयओ ड्रायव्हर (आवाज कमी विलंबाने पोचवणारा), बफर १०२४, वाय-फाय बंद, अशा स्थितीत लेटन्सीमॉन (ड्रायव्हरमुळे आवाजाला होणारा विलंब तपासणारं सॉफ्टवेअर) चालवा. तरीही तडतड राहिली तर स्क्रीन दिसेल असा व्हिडिओ घ्या. या सगळ्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ चं (इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं) प्रमाणपत्र लागेल.

गप्प बसू नका. नाकारल्याचं न कळवता वाजवी मुदतीपलीकडे माल ठेवला, तर मालविक्री कायद्याच्या कलम ४२ नुसार तो स्वीकारला असं धरतात आणि परताव्याची मागणी दुबळी होते. आजच ईमेल करा. पाठोपाठ नोटीस: १५ दिवसांत ३२ जीबीच्या दोन जुळ्या स्टिक बसवा, नाहीतर पूर्ण रक्कम परत करा. तोवर स्वतः रॅम घालू नका, छेडछाडीचा मुद्दा निघेल.

दाद मिळाली नाही, तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली तुम्ही राहता तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करा. सॉफ्टवेअर आणि सॅम्पल सेटची परवान्याची बिलं जोडा. संगणक व्यवसायासाठी घेतला असेल, तर तो स्वयंरोजगारातून उपजीविकेसाठीच आहे, हे तक्रारीत स्पष्ट लिहावं लागेल. नाहीतर तुम्ही ‘ग्राहक’च नाही, असा पहिला आक्षेप येईल.